सोनघळच्या ठेकेदारणी

"मॅडम, घराची आणि जमिनीची पत्रिका जुळवता येते का हो?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि मगच झेलम शेडगेच्या लक्षात आलं, की आपण खरोखरच उभ्या राहिलोय. सोनघळच्या माध्यमिक शाळेचं गच्च भरलेलं सभागृह, पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, आणि समोर पुण्याहून आलेल्या भूकंपशास्त्रज्ञ भोगले मॅडम. सगळ्यांचे डोळे तिच्यावर.

पैज मैत्रिणीची, फिरदोसची होती. "तुझ्या घरात सध्या शर्वरीताईच्या पत्रिकेशिवाय दुसरा विषय नाही ना? मग मॅडमना पत्रिकेचंच विचार. विचारलंस तर माझ्याकडून वडापाव. नाही विचारलंस तर दहावी संपेपर्यंत तुला गोगलगाय म्हणणार!"

गेल्या वर्षीपर्यंत झेलम होतीच गोगलगाय. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा तिचा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा. पण या वर्षी कुठून कोण जाणे, तिच्या अंगात वारं शिरलं होतं. वक्तृत्वात नाव दे, कबड्डीत चढाई कर, मुलांच्या रांगेत घुसून पाणी भर! आणि आता हे.

शेजारी दुसरी मैत्रीण तनिष्का तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मुख्याध्यापकांची नजर सांगत होती, 'मधल्या सुट्टीत भेट.'

भोगले मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला. "नाव काय गं तुझं?"

"झे... झेलम."

"झेलम, इतकी वर्षं मी व्याख्यानं देत फिरतेय, पण इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. जुळवता येते! त्यासाठीच मी आलेय. फक्त आमचं तुमच्या उलट असतं. लग्नात छत्तीस गुण जुळले की पेढे वाटतात. घराचे आणि जमिनीचे छत्तीस गुण जुळले, तर घर पडतं." त्यांनी फळ्यावर मोठ्ठा ३६ काढला. "बघा, हे तीन आणि हे सहा. दोघं एकमेकांकडं पाठ करून बसलेत. घराचं आणि जमिनीचं अस्संच हवं. कायमचा छत्तीसचा आकडा!"

सभागृहात हशा पिकला. मुख्याध्यापकांनीही 'मला तर हे माहीतच होतं' अशी मान हलवली.

कोयनेच्या खोऱ्यातल्या पोरांना भूकंप म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. इथं लहानसा हादरा आला की माणसं हातातला घास तसाच धरून मांडणीकडं बघतात. भांडी किणकिणायची थांबली की 'गेला' म्हणतात आणि घास तोंडात घालतात. पण शेजारच्या आळीत कौलं पडतात आणि आपल्या आळीत फुलदाणीही हलत नाही, हे कसं, ते कुणीच सांगितलं नव्हतं. मॅडमनी ते सांगितलं.

"जमीन कधीच गप्प नसते," त्या म्हणाल्या. "समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात, वारा झाडं घुसळतो, घाटातून ट्रक जातात. या सगळ्याची बारीक थरथर जमिनीत अखंड चालू असते. आपल्या तळपायाला ती कळत नाही, इतकंच. खाली कातळ असेल तर ती येते तशी निघून जाते. पण कातळावर मऊ थर असेल, नदीकाठची मळई असेल, काळी माती असेल, भराव असेल, तर तो थर त्यातली एकच लय उचलतो आणि तिच्यावर डुलत राहतो. पातळ थर भरभर डुलतो, जाड थर सावकाश. हा त्या जमिनीचा ठेका."

त्यांनी खिशातून काहीतरी काढलं. कुंकवाच्या करंड्याएवढी पितळी रंगाची डबी. "ही आडवी थरथर आणि उभी थरथर वेगवेगळी ऐकते. ज्या लयीला आडवी थरथर उभीच्या कितीतरी पट मोठी निघते, तो ठेका. त्यासाठी भूकंपाची वाट बघायला नको. आता घराचं ऐका. घरालाही ठेका असतो. बुटकं, ताठ घर भरभर हलतं. उंच, लवचीक घर सावकाश. भूकंप आला की जमीन आपल्या ठेक्यावर नाचायला लागते. घराचा ठेका वेगळा असेल तर घर म्हणतं, 'नाच बाई तू, मी आपलं इथंच बरं.' पण ठेका एकच असेल, तर दोघं फुगडी घालतात. आणि फुगडीचा वेग वाढत वाढत गेला की शेवटी काय होतं?"

"हात सुटतो!" अख्खं सभागृह ओरडलं.

"हात सुटतो," मॅडम म्हणाल्या. "आणि घर पडतं."

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी झेलमला खरंच बोलावलं. मॅडम तिथंच बसल्या होत्या. गावातलं घरन् घर मोजायला त्यांना पोरं हवी होती. त्यांनी डबी झेलमच्या तळहातावर ठेवली. वडापाव त्या दिवशी तिघींनी मिळून खाल्ला, आणि पैसे फिरदोसनं दिले.

*

महिन्याभरात सोनघळमध्ये तिघींना नाव पडलं, ठेकेदारणी. बांधकामाचे खरे ठेकेदार आधी नाक मुरडायचे. मग गिऱ्हाईकंच विचारायला लागली, "जागेचा ठेका काढला का?" तेव्हा तेही डबीच्या मागं धावायला लागले.

काम मजेचं होतं. डबी आधी अंगणातल्या उघड्या जमिनीवर ठेवायची, मग घराच्या गच्चीवर. दोन्हीकडं चहा संपेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्यात कुणी पाय आपटायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. तनिष्का कोंबड्या हाकलायची, फिरदोस पोरांना गोष्टी सांगून एका जागी बसवायची, आणि झेलम काचपाटीवर आकडे बघायची. वह्या-पुस्तकं जाऊन शाळेत काचपाट्या आल्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण आपल्या पाटीवर जमिनीची लय रेघोट्या काढतेय, हे बघून झेलमला अजून गुदगुल्या व्हायच्या. आपल्या पायाखाली ही एवढी गंमत चालू होती आणि आपण नुसतेच चालत होतो!

तिघींना कळलं, की नदीकाठच्या मळईचा ठेका संथ आहे, म्हणून तिथली बैठी घरं खुशाल आहेत आणि एकुलती एक उंच इमारत धोक्यात. त्यांना हेही कळलं, की शेडग्यांचं, म्हणजे झेलमचं स्वतःचं घर अस्सल कातळावर आहे. तिथं डबीला ठेकाच सापडला नाही.

"बघितलंस?" पप्पा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "आमच्या आजोबांनी जागा निवडलीय ही. मोठ्या भूकंपात त्यांचं खालच्या आळीतलं घर भुईसपाट झालं. तवाच त्यांनी शपथ घेतली, शेडग्यांचं माणूस पुन्हा मातीवर झोपणार नाही."

गाव मात्र गावच. आठ दिवस कौतुक झालं, नवव्या दिवशी आकड्यांचं शस्त्र झालं. भांडणात बायका म्हणायला लागल्या, "गप बस, छत्तीस गुणाच्या घरातली!" भाडेकरू घासाघीस करायला लागले. आणि लग्न जमवताना पत्रिका, उंची, नोकरी झाल्यावर घसा खाकरून एक नवा प्रश्न यायला लागला: "घराचा ठेका किती म्हणायचा?"

तो प्रश्न एक दिवस शेडग्यांच्याच ओसरीवर येऊन बसला.

*

शर्वरीताई दूधसंघाच्या ड्रोनतळावर कामाला होती. डोंगरातल्या वाड्यांवरून दुधाचे कॅन उचलून आणणारी ड्रोन कधी आणि कुठून जातील, ते ती ठरवायची. विराज ढाणे ती ड्रोन दुरुस्त करायचा. दोघांचं कधीच जमलं होतं. घरी मात्र 'ढाण्यांचं स्थळ आलंय' असं सभ्यपणे कळवण्यात आलं होतं, आणि हे गुपित फक्त झेलमला ठाऊक होतं. पत्रिका छान जुळली. आई तर मनातल्या मनात साड्या निवडायला लागली होती.

"सगळं खरं," पप्पा म्हणाले. "पण ठेका बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही. झेलम, उद्या डबी घेऊन चल."

ढाण्यांचं घर टेकाडाच्या कडेला, नव्या वसाहतीत होतं. दुमजली, खाली गाडी लावायला मोकळी जागा आणि वर दोन मजले खांबांवर. विराजचे वडील निवृत्त चित्रकलाशिक्षक. अख्ख्या शाळेला त्यांनी मोर काढायला शिकवलं होतं, त्यामुळं गाव त्यांना ढाणे सरच म्हणायचं. पोहे झाले, चहा झाला, शर्वरी आणि विराज पहिल्यांदाच भेटत असल्यासारखे एकमेकांकडं बघून बुजले. हे नाटक बघून झेलमला इतकं हसू येत होतं, की ती डबी घेऊन बाहेर पळाली.

अंगणात मोजलं, गच्चीवर मोजलं. ती परत आली तेव्हा सगळे तिच्याकडं बघायला लागले. गेले महिनाभर सोनघळमध्ये असंच व्हायचं. ती आत शिरली की माणसं बोलायची थांबायची आणि तिच्या आकड्याची वाट बघायची. त्याची तिला चटक लागली होती. म्हणून निकाल वाचावा तशा खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"जमीन सेकंदाला चार झोके! घर सेकंदाला चार! छत्तीसपैकी छत्तीस!"

ढाणे काकूंच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. विराजनं मान खाली घातली. शर्वरीताईनं झेलमकडं बघितलं, आणि झेलमनं डबी पाठीमागं लपवली.

पप्पा उठले. "सर, माणसं तुम्ही सोन्यासारखी. पण पोरगी द्यायची ती छपराखाली नांदायला, छपराच्या खाली गाडायला नव्हं."

घरी आल्यावर ताई रडली नाही. तिनं शांतपणे केस विंचरले, दिवा मालवला आणि अंथरुणात पाठ फिरवली. "तुझ्या डबीनं माझं लग्न मोडलं, झेलू. आणि तू ते किती आनंदात सांगितलंस!"

*

"आकडा चुकलाय ना, मॅडम? सांगा ना चुकलाय म्हणून!"

काचपाटीवर भोगले मॅडमचा चेहरा. त्यांनी झेलमनं पाठवलेल्या रेघोट्या दोनदा पाहिल्या. "नाही गं. अगदी बरोबर मोजलंयस. टेकाडाच्या कडेला पूर्वी ओढा होता, बरोबर? तो बुजवून वसाहत केली. त्या भरावाचा ठेका नेमका चार."

झेलमचा चेहरा पडला.

"पण तू सांगितलंस काय?"

"छत्तीस गुण."

"आणि पुढं?"

"पुढं काय? संपलं!"

"डॉक्टर नाडी बघून 'ताप आहे' म्हणाले आणि बॅग उचलून चालते झाले, तर तू काय म्हणशील त्यांना?" मॅडम खो-खो हसल्या. "अगं वेडे, जमिनीचा ठेका देवानं दिलाय. घराचा ठेका गवंड्यानं दिलाय. देवाचं काम बदलता येत नाही. गवंड्याचं येतं! घर किती जड आणि किती ताठ, एवढ्यावरच त्याचा ठेका ठरतो. जड झालं की सावकाश होतं, ताठ झालं की भरभर. आता सांग, त्या घराच्या डोक्यावर काय आहे?"

झेलमनं डोळे मिटले आणि ती मनानं ढाण्यांच्या गच्चीवर गेली. ढाण्यांची गच्ची! डबी ठेवायला तिथं जागाच मिळत नव्हती, कारण सगळीकडं...

"जाती!" ती किंचाळली. "मॅडम, सगळी गच्ची जात्यांनी भरलीय!"

*

ढाणे सरांना मोरानंतर एकच वेड होतं. गावोगावची दगडी जाती, पाटे-वरवंटे, उखळं. गिरण्या आल्यावर लोकांनी उकिरड्यावर टाकलेलं जे जे दिसेल, ते त्यांनी उचलून आणलं होतं. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगात गावाचं नाव लिहिलं होतं, आणि गच्चीला ते 'संग्रहालय' म्हणायचे. बघायला येणारं दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून विराजच्या मित्रांना ते दर दिवाळीला सक्तीनं दाखवायचे.

तिघी दारात उभ्या राहिल्या तेव्हा सर पेपर बाजूला न करताच म्हणाले, "आता काय आमच्या अंगणाला नाव ठेवायला आलात?"

"नाही सर, खरवस आणलाय," फिरदोस म्हणाली. तिच्या घरची म्हैस नुकतीच व्याली होती.

"आणि माफी मागायला आलेय," झेलम म्हणाली. "मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं आज सांगते."

काकूंनी दार पूर्ण उघडलं. झेलमनं टेबलावर ताट ठेवलं, ताटात खरवसाचा जाडजूड तुकडा ठेवला, त्यात उदबत्तीची काडी खोचली आणि काडीच्या टोकाला टपोरं द्राक्ष.

"ताट म्हणजे कातळ. खरवस म्हणजे तुमचा भराव. काडी म्हणजे घर. द्राक्ष म्हणजे... द्राक्ष काय ते नंतर." तिनं ताट हळूहळू हलवायला सुरुवात केली. काही झालं नाही. जरा भरभर, मग आणखी जरा. एका लयीला खरवस थुलथुल डुलायला लागला, त्याच्याबरोबर द्राक्ष झुलायला लागलं, झोके वाढत गेले आणि काडी आडवी होऊन द्राक्ष टुणकन सरांच्या पेपरवर पडलं.

पेपर खाली आला.

"आता बघा." तिनं काडी पुन्हा खोचली, या वेळी द्राक्षाशिवाय. त्याच लयीत ताट हलवलं. खरवस तसाच डुलला. काडी मात्र त्याच्यावर ताठ उभी.

"द्राक्ष म्हणजे काय ते कळलं मला," ढाणे काकू हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "कळलं मला! अहो, घर बांधल्यापासून मी काय सांगतेय? दगड उतरवा, दगड उतरवा! पापड वाळवायला जागा नाही घरात!"

"अगं, तो सांस्कृतिक ठेवा आहे!"

"ठेवा आहे ना? मग खाली ठेवा!"

तनिष्का फिसकन हसली. विराज आतून बाहेर आला तो हसतच. सर मात्र ओढलेल्या चेहऱ्यानं बसून होते, आणि झेलमला दिसलं, की हा नुसता हट्ट नाही. ती त्यांच्या खुर्चीजवळ गेली. "सर, टाकायचं नाहीये काही. अंगणात चिंचेखाली मांडू. जमिनीवर एवढ्यानं काही होत नाही, ती ठेका सोडत नाही. आणि गच्चीवर कोण येतं बघायला? अंगणात मांडलं तर येता-जाता सगळं गाव बघेल."

सरांनी पेपरवरचं द्राक्ष उचललं, थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि तोंडात टाकलं. "चिंचेखाली... गोलाकार मांडणी करायची. नुसते ढीग लावायचे नाहीत, सांगून ठेवतो."

मॅडमनी साताऱ्याहून एका अभियंता बाईंना पाठवलं. त्यांनी खांब तपासले, हिशेब केला आणि सांगितलं, की नुसते दगड उतरवून भागणार नाही. खालचा मजला मोकळा आहे, तोच घराचा लुळा पाय आहे. गाडीची जागा सोडून बाकीच्या खांबांमध्ये लोखंड घालून भिंती बांधा. आणि ठेका जेमतेम वेगळा करून थांबू नका. मोठ्या धक्क्यात घर थोडं सैल होतं, त्याचा ठेका खाली घसरतो. घसरला तरी जमिनीच्या ठेक्यापर्यंत पोचणार नाही, इतकं अंतर हवं.

भिंती आधी झाल्या. त्यांना पाणी मारायचं काम विराजनं एका ड्रोनला शिकवलं, आणि वसाहतीतली पोरं रोज त्याच्याखाली भिजायला यायची. मग आला दगडांचा रविवार.

आळीतल्या सगळ्यांना निरोप गेला होता. निम्मे मदतीला आले, निम्मे गंमत बघायला. जिन्यावर माणसांची साखळी लागली. झेलमनं गच्चीच्या कोपऱ्यात डबी ठेवली आणि काचपाटीचा आकडा खालच्या भिंतीवर मोठा करून लावला. भिंतींमुळं तो आधीच पाचाच्या वर चढला होता. दहा-बारा जाती खाली गेली, की झेलम 'थांबा!' म्हणून ओरडायची. सगळे आहे त्या पायरीवर श्वास रोखून उभे राहायचे, डबी ऐकायची आणि आकडा बदलायचा.

पाच पूर्णांक तीन.

"चढला, चढला!" खालून आरोळी.

पाच पूर्णांक पाच. कुणीतरी हलगी आणली. झेलमनं गच्चीवरून हात जोडले, "अहो, मोजताना तरी वाजवू नका!" पाच पूर्णांक आठ. ज्या काकांनी 'हे पोरींचं खूळ आहे' असं गावभर सांगितलं होतं, तेच सगळ्यात मोठं उखळ छातीशी धरून उतरत होते आणि ओरडत होते, "बाजूला व्हा, माझ्या उखळानं सहा होणार!"

आणि झाले! भिंतीवर सहाचा आकडा उमटला तशी हलगी कडाडली. चिंचेखाली ढाणे सर सावलीत दगड गोलाकार लावत होते आणि जमलेल्या पोरांना सांगत होते, कुठल्या गावच्या जात्याला किती खाचा. पोरं ऐकत होती, तीसुद्धा स्वतःहून. रिकाम्या गच्चीवर ढाणे काकूंनी पदर खोचला, फिरदोसचे हात धरले आणि फुगडी घातली. झेलमनं डबीकडं बघितलं. आकडे सैरावैरा पळत होते. ती हसत सुटली आणि तिनं डबी बंद करून टाकली.

शेडग्यांच्या घरचं मात्र झेलमशिवाय त्या गर्दीत कुणी नव्हतं. पप्पाच आले नव्हते.

*

ती धावतच घरी आली. पप्पा ओसरीवर, आई दाराशी लसूण सोलत, आणि आत उंबऱ्याच्या पलीकडं ताई, दिसेल न दिसेल अशी.

"पप्पा, सहा! जमीन चार, घर सहा! आता त्यांचा छत्तीसचा आकडा झाला. मॅडमनीसुद्धा बघितलं, बरोबर आहे म्हणाल्या."

"ऐकू आली हलगी," पप्पा म्हणाले. "चांगलं झालं. त्यांचं घर सुधारलं."

"मग?"

"मग काय?"

"अहो, पोरगी धापा टाकत आलीय," आई म्हणाली. "सरळ उत्तर द्या की तिला."

या वेळी पप्पांनी मिशीला हात लावला नाही. "झेलू, आकडा मला कळतो गं. पण माझ्या आजोबांना त्यांच्या आईचा हात मातीतून बाहेर आलेला दिसला होता. ते मी लहान असताना दर आवसेला सांगायचे. तो हात तुझ्या काचपाटीवर दिसत नाही. मॅडम काय, पुण्यात झोपणार. अभियंता बाई साताऱ्यात झोपणार. तू इथं कातळावर झोपणार. हिशेब करणारं प्रत्येक माणूस दुसरीकडं झोपतंय, आणि त्या घरात झोपायचं फक्त माझ्या शर्वरीनं?"

पप्पांचं म्हणणं खरं होतं. रागानं बोलले असते तर तिनं कडाक्याचं भांडण केलं असतं. पण ते घाबरून बोलत होते, आणि पप्पांना इतकं घाबरलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, जाऊन त्यांच्या कुशीत बसावं. मग तिनं आत बघितलं. ताईनं चौकट घट्ट धरली होती.

आपला आकडा बरोबर आहे का? तिनं स्वतःलाच विचारलं. दुसऱ्यांसमोर मिरवायला नाही. अगदी खरं, अंधारात, आडवं पडून, छताकडं बघत असताना. आहे बरोबर?

आहे.

मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. ते बघूनच आई घाईघाईनं म्हणाली, "ए बाई, आता काय नवीन?"

"आई, पप्पा, मी ठरवलंय." झेलम ओसरीच्या मधोमध उभी राहिली, सभागृहात राहिली होती तशी, फक्त या वेळी पैज कुणाचीच नव्हती. "नवरीबरोबर सासरी सोबतीला पाठराखीण जाते ना, ताईची पाठराखीण मी होणार. आणि पाठराखीण चार दिवसांनी परत येते, मी नाही येणार. त्या घराला पहिला हादरा बसेपर्यंत मी तिथंच राहणार, सगळ्यात वरच्या मजल्यावर झोपणार, डबी उशाशी घेऊन. महिना लागू दे, नाहीतर अख्खं वर्ष. तिथून शाळा आणखी जवळ आहे, ढाणे काकूंना मी विचारलेलं नाही पण त्या नाही म्हणणार नाहीत, आणि हादरा आला की घर जमिनीबरोबर नाचलं की पाठ फिरवून बसलं, ते मी मोजून तुम्हाला तिथूनच फोन करून सांगणार. हिशेब करणारं माणूस त्याच घरात झोपणार, पप्पा. आता तारीख काढा!"